लाल कवटीमागचा कारखानदार

एका लष्करी अधिकाऱ्याचा खून होतो. खुनी लाल कवटीचा मुखवटा घालून आलेला, आणि त्याच्या नुसत्या नजरेनं माणूस मरतो अशी वदंता. पाठोपाठ दुसरा अधिकारी जातो. त्याच सुमारास लष्करासाठी बनवलेलं एक कोरं करकरीत विमान चाचणीतच कोसळतं. ते पुरवणाऱ्या कंपनीचा मालक, मॅक्सन नावाचा सूटबूटवाला गृहस्थ, तिथं हजर असतो. शेवटच्या पानांवर हाणामारी होते, मुखवटा उतरतो आणि खाली निघतो मॅक्सन! नजरेची गोष्ट थाप होती, काम करत होती विषाची सुई. हिटलरनं त्याला अमेरिकेतल्या झाडून सगळ्या उद्योगांचं मंत्रिपद कबूल केलेलं असतं.

झटापटीत मॅक्सन स्वतःच्याच सुईवर लोळतो आणि मरतो. बकी, म्हणजे नायकाचा पोरसवदा जोडीदार, विचारतो की तुम्हाला दिसत होतं ना, मग अडवलं का नाहीत? कॅप्टन अमेरिका म्हणतो, मी यावर काही बोलणार नाही.

दहा सेंटांचं, शाळकरी पोरांसाठी काढलेलं कॉमिक आणि त्यात हा संवाद. मी त्या चौकटीपाशी बराच वेळ थांबले होते.

हा ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’चा पहिला अंक. त्यावर तारीख मार्च १९४१ ची, पण स्टॉलवर आला तो २० डिसेंबर १९४० ला. मुखपृष्ठ जगजाहीर आहे. तारे-पट्ट्यांचा पोशाख घातलेला नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला अजून जवळपास वर्ष होतं. अमेरिका युद्धात नव्हती, आणि उतरूच नये असं मानणारे तिथं चिक्कार होते. त्यामुळे त्या ठोशाचं आजही कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. अंकाच्या दहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. पण मुखपृष्ठ बघून आत युद्धकथा असतील अशा समजुतीनं पान उलटलंत, तर हाती निराळंच काही लागतं. आत ना आघाडी, ना खंदक, ना रणगाडे. आत आहेत चक्क रहस्यकथा.

एका गोष्टीत रंगमंचावर भविष्य सांगणारी एक जोडी आहे. सँडो आणि त्याचा बुटका साथीदार ओमार. ओमार गोलमटोल डोळे करून सांगतो, अमुक ठिकाणी घात होणार, आणि खरोखर होतो. होणारच, घडवणारे हेच दोघे. दुसऱ्या गोष्टीत एक जण बुद्धिबळाच्या पटावर सेनाधिकाऱ्यांच्या बाहुल्या मांडून बसलाय. पटावरची बाहुली गेली की बाहेर माणूस जातो. नायकाच्या जन्मकथेतही प्रयोगशाळेचा रस्ता एका कळकट जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानातून जातो, आणि तिथली म्हातारी मुखवटा काढते तेव्हा आत तरुण गुप्तहेर बाई निघते. म्हणजे अंकात पहिला मुखवटा उतरतो तो आपल्याच बाजूच्या माणसाचा. पुढच्याच पानांवर, सरकारनं निवडून बोलावलेल्या पाहुण्यांतला एक जण पिस्तूल काढून शास्त्रज्ञाला गोळी घालतो. कडेकोट बंदोबस्त, खास आमंत्रण, आणि खुनी पहिल्या रांगेत.

युद्ध असं गुन्हेकथेच्या दारातून आत आणण्यामागे काही थोर कलाविचार होता असं समजायचं कारण नाही. प्रकाशक मार्टिन गुडमन हा स्वस्त कागदावरची, भडक मुखपृष्ठांची कथामासिकं काढणारा. लिहिणारी-चितारणारी पोरं अशाच मासिकांतल्या बुरखेवाल्या डिटेक्टिव्हांवर वाढलेली. बॅटमॅन १९३९ साली ज्या मासिकात अवतरला त्याचं नावच मुळी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ होतं. शिवाय अडचण उघड होती. देश लढत नाही, तर नायकाला लढायला पाठवायचं कुठे? त्यामुळे शत्रूलाच घरी आणावं लागलं.

सुपरमॅनची तर आणखी पंचाईत. १९४० च्या फेब्रुवारीत ‘लुक’ या पाक्षिकानं जेरी सीगल आणि जो शूस्टर या त्याच्या निर्मात्यांकडून दोन पानं करून घेतली, सुपरमॅन युद्ध कसं संपवेल या विषयावर. त्यानं हिटलर आणि स्टालिन दोघांच्या मानगुटी धरल्या आणि जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन उभं केलं. झालं, युद्ध संपलं. जर्मनीतल्या एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या मुखपत्राला हे इतकं झोंबलं की त्यांनी एप्रिलमध्ये सीगलवर नाव घेऊन, त्याच्या ज्यू असण्यावर थुंकत लेख छापला. पण दोन पानांत युद्ध संपवणारा नायक महिनोन्‌महिने चालणाऱ्या मालिकेत काय कामाचा? मग १९४२ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत तोड काढली गेली. क्लार्क केंट भरतीला जातो, डोळ्यांच्या तपासणीत उत्साहाच्या भरात त्याची नजर भिंतीपलीकडे जाते, तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो आणि नापास होतो. खऱ्या जगात जो शूस्टरला सैन्यानं नाकारलं ते नजर अधू म्हणूनच. सीगल मात्र सैन्यात गेला.

असो. मला सांगायचंय ते मॅक्सनबद्दल.

माझं पोट ऑडिटवर चालतं. त्यामुळे कवटीचा मुखवटा मला फार वेळ घाबरवू शकत नाही. माझं लक्ष जातं पुरवठ्याच्या कंत्राटाकडे. विमान कंपनीचा मालक, गिऱ्हाईक एकच ते म्हणजे लष्कर, आणि माल चाचणीत पडतो. असा मासला समोर आला तर मी आधी मुखवटे शोधणार नाही, तपासणीचे दाखले मागेन. गंमत अशी, की मुखपृष्ठावर जो मार्च १९४१ छापलाय त्याच महिन्यात अमेरिकन सिनेटनं संरक्षण खर्चातली उधळपट्टी तपासायला एक खास समिती नेमली. अध्यक्ष हॅरी ट्रूमन, मिसुरीचे, तोवर फारसे कुणाच्या खिजगणतीत नसलेले सिनेटर. सुरुवातीचं अनुदान पंधरा हजार डॉलर, जे अब्जावधींची कंत्राटं तपासायला म्हणजे चहापाण्याचा खर्च. या समितीनं १९४३ साली ओहायोमधल्या लॉकलंडच्या कारखान्याचं प्रकरण बाहेर काढलं. कर्टिस-राइट या बड्या कंपनीच्या त्या कारखान्यातून सदोष विमान-इंजिनं पास होऊन जात होती, तपासणीची कागदपत्रं रंगवलेली होती, आणि लष्कराच्या तपासनिसांपैकी काहींनी डोळेझाक केली होती. पुढे लष्करी न्यायालयात अधिकाऱ्यांवर खटले चालले.

म्हणजे मॅक्सन होता. त्याला हिटलरनं मंत्रिपद देऊ केलं नव्हतं एवढंच. त्याला त्याची गरजही नव्हती.

ज्यांनी तो रंगवला ते दोघे कोण हे पाहिलं की आणखी उलगडा होतो. जो सायमन रॉचेस्टरचा, वडील शिंपी. जॅक कर्बी, मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा. तिथली दाट वस्ती, भाड्याच्या खोल्या, गल्लीगल्लीतल्या पोरांच्या टोळ्या, रोजची दगडफेक. त्याचे वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. दोघेही ज्यू, दोघेही विशीत. सुई-दोऱ्यावर पोट भरणाऱ्यांच्या पोरांनी पहिल्याच अंकात देशद्रोही म्हणून कारखान्याचा मालक उभा केला, आणि त्याच्या हातात हत्यार दिलं ते सुईचं. सुईचा योगायोग मी ताणत नाही. मालकाचा मात्र योगायोग नसावा.

त्या मालकीचा अनुभव त्यांना लवकरच आला. नफ्यातला ठरलेला वाटा आपल्याला मिळत नाही, भलभलते खर्च आपल्या अंकाच्या माथी मारले जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. दहा अंक काढून दोघांनी गुडमनचं दुकान सोडलं आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेले. कॅप्टन अमेरिका मागे राहिला, कारण तो त्यांचा नव्हताच, कंपनीचा होता. (हे वाचताना माझ्यातली ऑडिटर उगाचच उठून बसते. ती खातेवही बघायला मिळाली असती तर!)

पहिल्या अंकानंतर धमक्यांची पत्रं आली, फोन आले, कचेरीच्या इमारतीबाहेर संशयास्पद माणसं घुटमळू लागली. ही काही कवीकल्पना नव्हती. २० फेब्रुवारी १९३९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन-अमेरिकन बुंड या नाझीधार्जिण्या संघटनेच्या सभेला वीस हजार लोक जमले होते, मंचावर जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र आणि त्याच्या दोन्ही अंगांना स्वस्तिकं. ही सभा भरली ती कर्बीच्याच शहरात. पोलीस पहारा बसला तेव्हा महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून, पोरांनो तुम्ही उत्तम काम करताय, तुमच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असं सांगितल्याची आठवण सायमन म्हातारपणीही सांगत असे.

हा महापौर मोठा अवलिया माणूस. १९४५ च्या जुलैत वर्तमानपत्रं वाटणाऱ्यांचा संप झाला, पोरांना रविवारच्या चित्रमालिका मिळेनात. तर हे गृहस्थ नगरपालिकेच्या रेडिओ केंद्रावर जाऊन बसले आणि डिक ट्रेसीची गुन्हेकथा साभिनय वाचून दाखवली. गोळ्यांचे आवाज, धापा टाकणं, सगळं. शेवटी मुलांना तात्पर्य सांगितलं, की पापाचा पैसा कधी लाभत नाही. जपानशी युद्ध अजून चालू होतं तेव्हाची ही गोष्ट.

खऱ्या हेरांच्या कथा तेव्हा वर्तमानपत्रांत येत होत्याच. १९४१ च्या जूनमध्ये एफबीआयनं डुकेन टोळी पकडली. तेहतीस माणसं, सगळ्यांना शिक्षा झाल्या. त्यात हर्मन लांग नावाचा एक जण होता, नॉर्डन बॉम्बसाइट बनवणाऱ्या मॅनहॅटनच्या कारखान्यातला तपासनीस. विमानातून बॉम्ब नेमका कुठे पडेल हे ठरवणारं ते यंत्र, अमेरिकेचं तेव्हाचं सर्वांत जपलेलं गुपित. त्याचे आराखडे या माणसानं १९३० च्या दशकातच जर्मनांना पोचते केले होते. आपल्याकडे फितुरीला सूर्याजी पिसाळाचं नाव कायमचं चिकटलंय. किल्ला बाहेरून पडत नाही, आतून कुणीतरी दार उघडतं, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. म्हणूनच बहुधा मला त्या ठोशापेक्षा हा मुखवटा जवळचा वाटतो.

कॉमिकमधले घातपाती आणि खरे घातपाती यांच्यात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. १३ जून १९४२ च्या मध्यरात्रीनंतर चार जर्मन एका पाणबुडीतून लाँग आयलंडवर अ‍ॅमागॅनसेटच्या किनाऱ्यावर उतरले. दाट धुकं. स्फोटकं वाळूत पुरताहेत तोच तटरक्षक दलाचा जॉन कलन हा तरुण रखवालदार समोर आला, हातात फक्त टॉर्च. टोळीचा म्होरक्या डाश यानं त्याच्या हातात नोटा कोंबल्या आणि विसरून जा म्हणाला. मोजल्या तेव्हा २६० डॉलर भरले. कलन धावत ठाण्यावर गेला. इथवर ठीक. पुढे डाशचंच अवसान गळालं. त्यानं न्यूयॉर्कच्या एफबीआयला फोन केला, तर तिथल्या माणसाला वाटलं कुणी वेडा आहे. शेवटी तो आगगाडीनं वॉशिंग्टनला गेला, आणि तरी कुणी गांभीर्यानं घेईना तेव्हा त्यानं ऐंशी हजारांहून जास्त डॉलर टेबलावर ओतले. मग मात्र खुर्च्या पुढे सरकल्या. फ्लोरिडात उतरलेले आणखी चार धरून आठही जण पकडले गेले, सहा जणांना ८ ऑगस्टला विजेच्या खुर्चीत बसवलं. टोळी एफबीआयनं शोधून काढली असंच लोकांना सांगण्यात आलं. डाश आपल्या पायांनी चालत आला होता हे दडवलं गेलं. अशी गोष्ट सायमन-कर्बीनं लिहिली असती तर संपादकानं साभार परत केली असती.

यानंतर किनाऱ्यावरची गस्त वाढली, घोडेस्वारांची पथकं फिरू लागली. पुढे जो सायमन तटरक्षक दलात भरती झाला तेव्हा त्याची पहिली नेमणूक न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर याच घोडेस्वार गस्तीत. कागदावर इतके घातपाती पकडून झाल्यावर आता वाळूतून घोडा हाकत खरे शोधायचे.

आणि पुष्कळदा शोधायला कुणी नसतंच. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कच्या धक्क्याला ‘नॉर्मंडी’ या अवाढव्य फ्रेंच जहाजाला आग लागली. त्याचं सैनिक-वाहू जहाजात रूपांतर चाललं होतं. शहर एकमुखानं म्हणालं, घातपात! चौकशीत निघालं काय, तर लोखंड कापणाऱ्या कामगाराच्या ज्योतीची ठिणगी लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडली. आग विझवायला इतकं पाणी मारलं की जहाज कलंडलं. हे वाचताना मुंबईकराला १४ एप्रिल १९४४ आठवणारच. व्हिक्टोरिया गोदीतलं ‘फोर्ट स्टिकीन’, एकाच जहाजात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. स्फोट झाला तेव्हा जपानी आले म्हणून लोक पळत सुटले. जपानी आलेच नव्हते. कापूस आणि स्फोटकं शेजारी ठेवायला शत्रू लागत नाही.

न्यूयॉर्कच्या आगीचा खरा चमत्कारिक भाग पुढचाच. घातपाताच्या धास्तीनं हबकलेल्या नौदलाच्या गुप्तवार्ता खात्यानं बंदरावर नजर ठेवायला मदत मागितली, ती बंदर ज्यांच्या मुठीत होतं त्यांच्याकडे. म्हणजे माफियाकडे. त्यासाठी माफियाचा बडा म्होरक्या लकी लुचियानो याला दूरच्या डॅनिमोरा तुरुंगातून बऱ्या ठिकाणी हलवलं. ज्या थॉमस ड्यूई यांनी १९३६ साली सरकारी वकील म्हणून त्याला आत घातलं, त्यांनीच गव्हर्नर म्हणून १९४६ च्या जानेवारीत त्याची उरलेली शिक्षा माफ केली, इटलीला हाकलून देण्याच्या अटीवर. त्या काळातल्या कॉमिक्समध्ये एक ठरीव प्रसंग असे. बारा गुन्हे केलेला गुंड नाझी हस्तकाला ऐनवेळी सांगतो, मी चोर असेन, पण मी अमेरिकन आहे! मला तो प्रसंग बाळबोध वाटायचा. लुचियानोचं प्रकरण कळल्यापासून तो फक्त अपुरा वाटतो. चोराला मोबदल्यात काय मिळालं ते त्या संवादाच्या फुग्यात लिहिलेलं नसतं.

चोराला नायक करण्यात सगळ्यांवर मात केली जॅक कोलनं. त्याचा प्लॅस्टिक मॅन हा मुळात तिजोऱ्या फोडणारा ईल ओब्रायन. १९४१ च्या ऑगस्टमधला अवतार. सुधारल्यावरही तो जुना चेहरा टाकत नाही, कारण त्या चेहऱ्यावर गुन्हेगारांच्या अड्ड्यांत प्रवेश मिळतो. विल आयझनरचा ‘स्पिरिट’ तर जेमतेम सुपरहिरो. जून १९४० पासून रविवारच्या वर्तमानपत्रांबरोबर पुरवणीत यायचा. निळा सूट, हॅट आणि एक इवलासा मुखवटा, तोही वितरकांना पोशाखवाला नायक हवा म्हणून नाइलाजानं चढवलेला. ओल्या गल्ल्या, दिव्याचा पिवळा पट्टा, कुणीतरी क्षुद्र माणूस क्षुद्र कारणासाठी मरतो. मला विचाराल तर या सगळ्या पसाऱ्यात लिहिणं म्हणावं असं हेच. पण त्यातलाच एबनी व्हाइट, नायकाचा कृष्णवर्णीय मदतनीस, जाड ओठांचं असं विद्रूप व्यंगचित्र आहे की पान उलटावंसं वाटतं. आयझनर लष्करात गेला आणि तिथं सैनिकांना गाड्यांची निगा कशी राखावी हे चित्रांतून शिकवू लागला. रहस्यकथेहून त्यात जास्त जीव वाचले असतील.

आता मिस्टर माइंड. हा मला फार आवडतो. कॅप्टन मार्व्हलच्या अंकांत १९४३ ते १९४५ अशी दोन वर्षं, पंचवीस भाग, एकच गोष्ट चालली. जगभरच्या दुष्टांची एक मंडळी आहे आणि तिचा म्होरक्या फक्त आवाज आहे. रेडिओवरून हुकूम येतात, शहरं हादरतात, नाझी आणि जपानी हस्तक त्याच्यापुढे माना तुकवतात. पोरं महिनोन्‌महिने तर्क करत होती, केवढा राक्षस असेल. मग गौप्यस्फोट झाला. मिस्टर माइंड एक अळी आहे. बोटभर, हिरवी, डोळ्यांना चष्मा, गळ्यात आवाज मोठा करणारं यंत्र. ऑटो बाइंडर आणि सी. सी. बेक यांनी दुष्टपणाची जी किंमत केली ती पाहून मी मोठ्यांदा हसले. शेवटी अळीवर रीतसर खटला चालतो आणि तिला विजेच्या खुर्चीत बसवतात, ते शिक्षेचं चित्रही आहे. खुर्ची माणसाच्या मापाची.

याच अंकांमध्ये जपानी माणूस काढला जातो तो सुळे आणि पिवळीजर्द कातडी देऊन, आणि हे एका दोघांचं काम नव्हतं, सगळा धंदाच तसा होता. जर्मन खलनायकाला निदान नाव असायचं, एका डोळ्याचा चष्मा असायचा. जपान्यांना फक्त दात. १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्ट यांनी वटहुकूम ९०६६ काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक छावण्यांत डांबले गेले, त्यांतले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक. १९४३ च्या उन्हाळ्यात सुपरमॅनची वर्तमानपत्रातली मालिका अशाच एका छावणीत गेली, आणि आतले लोक कट करताना दाखवले. छावण्या चालवणाऱ्या सरकारी खात्यालाच ते अति वाटलं, त्यांनी तक्रार केली. युद्ध संपेतो अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या एकाही माणसावर हेरगिरीचा किंवा घातपाताचा गंभीर गुन्हा शाबीत झाला नाही.

शत्रू घरात आहे हे रहस्यकथेचं भांडवलच आहे. बरी रहस्यकथा संशय सगळ्यांवर ठेवते. खानसामा, पुतण्या, डॉक्टर, आणि विमान कंपनीचा मालकसुद्धा. मग सुई सापडावी लागते. मॅक्सनच्या गोष्टीत निदान सुई सापडली होती. छावण्यांच्या गोष्टीत कुणी ती शोधलीच नाही, चेहरे बघून याद्या केल्या. या दोन्ही गोष्टी एकाच स्टॉलवर विकल्या जात होत्या, आणि विकत घेणारं पोरगं तेच होतं.

त्यांतले फार थोडे अंक शिल्लक आहेत. युद्धात कागद तुटपुंजा, मुलं दारोदार रद्दी गोळा करायची, आणि कॉमिक्समधले नायकच त्यांना सांगायचे की जुना कागद देशाला द्या. पोरांनी ऐकलं आणि त्या नायकांचेच गठ्ठे लगद्यात गेले. म्हणून उरलेल्या काही प्रतींना आज लाखो डॉलर पडतात. आमच्या घरची मराठी इंद्रजाल कॉमिक्स, वेताळ आणि मँड्रेकचा अख्खा गठ्ठा, रद्दीवाल्यानं तराजूत टाकला तो कुठल्याही देशासाठी नव्हे, माळा रिकामा करायचा होता म्हणून.

जॅक कर्बी १९४३ च्या जूनमध्ये सैन्यात गेला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, जनरल पॅटनच्या तिसऱ्या सेनेत. तो सांगायचा ती हकिकत अशी. एका लेफ्टनंटला कळलं की हा कॅप्टन अमेरिका काढणारा कर्बी. शिपायाला वाटलं, आता साहेब आपलं चित्र काढून मागणार. साहेब म्हणाला, तुला चित्रं काढता येतात ना, मग पुढे जा आणि शत्रू कुठे आहे त्याचे नकाशे काढून आण. आघाडीच्याही पुढे, एकट्यानं, पेन्सिल घेऊन. त्या हिवाळ्यात त्याचे पाय हिमदंशानं असे काळेनिळे झाले की कापायची वेळ आली होती. इंग्लंडच्या इस्पितळात ते वाचले.

युद्ध संपलं आणि पोशाखवाले नायक धडाधड बंद पडले. गुन्हे उरले. लेव्ह ग्लीसन यांचं ‘क्राइम डझ नॉट पे’ १९४२ पासून खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी छापत होतं, ते जोरात चाललं. कॅप्टन अमेरिकाच्या मासिकाचं शेवटी भयकथांच्या अंकात रूपांतर झालं, आणि १९५० च्या शेवटच्या अंकात खुद्द कॅप्टनच नव्हता.

पन्नासच्या दशकातला एक अल्पजीवी प्रयत्न सोडला, तर तो परत आला साठच्या दशकात, आणि १९६५ साली त्याच्या जुन्या गोष्टी नव्यानं सांगायचं ठरलं. स्टॅन ली लिहिणार, काढणार पुन्हा कर्बीच. लाल कवटीची पहिली गोष्ट त्यांनी परत घेतली. खून, मुखवटा, मॅक्सन, सगळं आहे. फक्त मॅक्सन आता खरा नाही. तो भाडोत्री तोतया. खरी लाल कवटी जर्मनीत बसलेली आहे, एका हॉटेलातला हमाल पोरगा, ज्याला हिटलरनं स्वतः निवडून घडवला. तेव्हापासून पुढच्या बहुतेक कथांत तेच चालत आलंय, आणि सिनेमांतही लाल कवटी परदेशीच. गुन्हेगार परदेशी, जन्मानं गरीब. कारखानदार सुटला.

मला हे खटकतं, आणि कुणावर रागवावं ते कळत नाही. १९४० मध्ये तेवीस वर्षांच्या कर्बीनं नाझी फक्त सभांमध्ये, स्वतःच्या गावात पाहिले होते. १९६५ मधल्या कर्बीनं ते बंदुकीच्या टप्प्यातून पाहिले होते, आणि त्याचे पाय अजून दुखत होते. त्यानं कवटी कुठे बसवावी हे मी खुर्चीत बसून काय सांगणार? पण माझ्या कपाटात ठेवायची झाली, तर मी पुनर्मुद्रित का होईना, पहिलीच आवृत्ती ठेवीन. जिच्यात विमान आधी पडतं, मालक हजर असतो, आणि नायक म्हणतो की मी यावर काही बोलणार नाही.